लातूरची तहान लेकरांच्या माथी मारू नका

व्हॉट्सॲपवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, कारण माणसं बेसुमार वाढली. पाणी मोजकं असताना मूल जन्माला घालणं अनैतिक आहे. गोरगरिबांना हे कळतच नाही. दोन मुलांचा कायदा कडक करा.’

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे ‘जलदूत’ आली तेव्हा मी लातुरातच होते. मांजरा धरण आटलं होतं, पाणी भरायच्या जागी जमावबंदी लागली होती. आमच्या गल्लीत टँकर रात्री-अपरात्री यायचा. शेजारची सून, सातवा महिना, घागर उचलवेना म्हणून पायाने सरकवत रांगेत उभी होती. मागून कुणीतरी म्हणालं, ‘प्यायला पाणी नाही अन् आणखी एक तोंड कशाला गं?’ ती गप्प राहिली. मला ते अजून टोचतं. पाऊस ओळीने दगा देत होता हे खरं, पण याच मांजरेच्या खोऱ्यात ऊस वाढत गेला, कारखाने उभे राहिले. कृषी मूल्य आयोगानेच लिहून ठेवलंय की राज्यात ऊस जेमतेम 4 टक्के पीकक्षेत्रावर, पण सिंचनाचं जवळपास 70 टक्के पाणी त्याला. या हिशेबात तिच्या बाळाचं तांब्याभर पाणी कुठे मोजायचं?

‘कळत नाही’ म्हणणं तर सरळ अपमान आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 1.7 आहे. लोकसंख्या स्थिर राहायला 2.1 लागतो. आणि हा भार उचलला कुणी? नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांचं प्रमाण एक टक्कासुद्धा नाही. ऑपरेशनच्या टेबलावर बायकाच झोपल्या.

ज्यांना मूल नको, त्यांचा निर्णय मला मनापासून मान्य आहे. तो दुसरीच्या पोटाकडे बोट दाखवायचा परवाना नव्हे.

राहिला कायदा. तिसरं मूल झालं तर पंचायतीची निवडणूक लढवता येणार नाही, ही अट आपल्याकडे 2001 मध्येच लागू झाली. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली उरल्या होत्या. या घसरणीचं कारण तो कायदाच, असं मी म्हणणार नाही. पण मुलगा हवाच असं धरून बसलेल्या घरात ‘दोनच’ची सक्ती आणखी आवळली, तर जीव कुणाचा जाईल हे सांगायला हवं का?

त्या वर्षी पावसाळा लागल्यावर शेजारच्या सुनेला मुलगी झाली. तिच्या पहिल्या आंघोळीचं पाणी टँकरचंच होतं.