दहा मिनिटांत चढणारा काळा रंग मेंदीच्या पानाचा नाही

आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, जवळ आली की व्हॉट्सअॅपवर हा मेसेज फिरू लागतो: ‘काळी मेंदी शंभर टक्के हर्बल. दहा मिनिटांत रंगते. अमोनिया नाही, म्हणून अपाय नाही. लहान मुलींच्या हातालाही चालते.’ माहेरवाशिणी येणार, झोके बांधले जाणार, मेंदीही लागणारच. म्हणूनच हे खोडून काढायला हवं.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. त्याचा रंग केशरी-तांबड्यापासून गडद तपकिरीपर्यंत जातो, काळा होत नाही, आणि चढायला काही तास लागतात. वनस्पतींनी केस काळे करता येतात हे खरं; आधी मेंदी, मग निळीच्या पानांची पूड. पण तेही तासांचं काम आहे. मिनिटांत काळं करणाऱ्या पुडीत किंवा कोनात बहुतेक वेळा पीपीडी असतं, म्हणजे पॅराफिनिलीनडायअमीन हे कारखान्यात बनणारं रसायन.

अमोनियाचा मुद्दा इथे गैरलागूच आहे. अमोनिया नाकाडोळ्यांना झोंबतो. पीपीडीची अॅलर्जी होते, आणि एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. पुढच्या वेळी थोड्याशा कलपानेही डोळे, चेहरा सुजू शकतो.

मुलींच्या हाताचा दावा मला सगळ्यांत धोकादायक वाटतो. युरोपीय संघात केसांच्या रंगात पीपीडी २ टक्क्यांपर्यंतच चालतं, त्वचेवर अजिबात नाही. हातावर फोड कधी दोन-तीन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा उठतात. आपल्याकडे आखाजीच्या दिवसांत ४२-४४ अंशांचं ऊन असतं. आई उष्णतेचे फोड समजते आणि मेंदीचा संशयही येत नाही.

‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ हेही खरं नाही. बांधावरचं गाजरगवत उपटून ज्यांचे हात खाजले, त्यांना हे सांगायला नको.

भारतातल्या नियमांनुसार पीपीडी असलेल्या केसांच्या रंगावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापावा लागतो: आधी त्वचेवर थोडं लावून तपासा, भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. म्हणून पाकिटावरचं समोरचं हिरवं पान पाहू नका, पाकीट उलटून मागचा मजकूर वाचा. घटकांची यादीच नसलेला बाजारातला सुटा कोन घेऊ नका. लावल्यावर खाज किंवा सूज आली तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना ते पाकीट सोबत न्या.