माल पडलाय, पण कुणाच्या शेडमध्ये? (एका जॉबवर्कवाल्याला उत्तर)

नमस्कार.

‘जस्ट इन टाइम’ (जेआयटी), म्हणजे माल लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच आणायचा या टोयोटाच्या पद्धतीवरच्या माझ्या मागच्या लेखाची तुम्ही, म्हणजे ‘एक जॉबवर्कवाला’ यांनी, चांगलीच झाडाझडती घेतलीत. दोन ओळींत ‘धन्यवाद, नोंद घेतली’ म्हणून सुटता आलं असतं, पण ते बरं दिसलं नसतं. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तुमचं म्हणणं असं की ही जपानी थेरं श्रीमंत देशालाच परवडतात, आपल्याकडे रस्ता, वीज, पैसा यांतलं काहीच वेळेवर नाही, तर माल कसा वेळेवर येणार? आपल्याकडचं जेआयटी म्हणजे मोठ्या कंपनीने आपलं स्टोअर रिकामं करून साठा लहान कारखानदाराच्या उरावर टाकणं. करोनानंतर खुद्द टोयोटानेच हा नाद सोडला. आणि शेवटी टोमणा: ‘तुमच्या स्वतःच्या शेडमध्ये किती दिवसांचा माल पडलाय, ते आधी सांगा.’

सांगतो, पण जरा थांबा.

साठा उरावर टाकण्याचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात आणि माझ्या लेखात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. माझा एक ग्राहक होता. त्याच्या लाइनला दर दोन तासांनी माल लागायचा. अट अशी, की त्याच्या गेटजवळ गोदाम घ्यायचं आणि पंधरा दिवसांचा तयार माल तिथे ठेवायचा. लाइन थांबली तर मिनिटाच्या हिशेबाने डेबिट नोट, म्हणजे माझ्या बिलातून कपात. गोदामाचं भाडं माझं, तिथला माणूस माझा, फेऱ्या मारणारा छोटा हत्तीही माझा. त्यांच्या मीटिंगच्या खोलीत बोर्डावर लिहिलेलं असायचं, ‘इन्व्हेंटरी: चार तास’. आकडा खोटा नव्हता. उरलेले दिवस माझ्या ताळेबंदात होते, एवढंच. केर शेजाऱ्याच्या दारात लोटला की आपलं अंगण स्वच्छच दिसतं.

पण तो पंधरा दिवसांचा माल का लागायचा, हे जरा खोलात जाऊन बघा. पंचवीस तारखेला पुढच्या महिन्याचं शेड्यूल यायचं, ४,००० नग. दहा तारखेला ते ६,५०० व्हायचं. बावीसला फोन, ‘सध्या थांबवा, आम्ही कळवतो.’ अशा गिऱ्हाइकासाठी साठा ठेवणं हा शहाणपणाच आहे. टोयोटाच्या पद्धतीत कानबान कार्डाच्या (माल वापरला गेला की पुढचा मागवणाऱ्या चिठ्ठीच्या) आधी येतं ते हेइजुन्का. म्हणजे महिन्याची मागणी रोजच्या रोज सारखी वाटून घ्यायची, मॉडेलं मिसळून चालवायची, आणि ठरलेलं वेळापत्रक शक्यतो हलवायचं नाही. ही सगळी शिस्त घेणाऱ्याची. आपल्याकडे कार्ड आलं, बिन आले, ट्रॉल्या आल्या. हेइजुन्का बहुतेक कस्टम्समध्येच अडकलं.

पैशाचंही तसंच. २००६च्या कायद्याने लहान उद्योगांचं बिल ४५ दिवसांत द्यायचं आहे, आणि किती वर्षं ते कागदावर राहिलं हे तुम्हाला मी सांगायला नको. १ एप्रिल २०२४पासून आयकर कायद्यातलं ४३बी(एच) हे कलम लागू झालं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, म्हटल्यावर काही अकाउंट्स खात्यांना एकदम आमची आठवण यायला लागली. जपानलाही पुरवठादारांची बिलं रखडवण्याविरुद्ध १९५६मध्ये कायदा करावा लागला होता. म्हणजे तिथले मोठेही काही साधुसंत नव्हते.

तुमच्या यादीत नसलेली एक अडचण मीच जोडतो. बँक. आपली सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट असते, दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं, आणि त्यावर उचल ठरते. २५ टक्के मार्जिन, म्हणजे आपला स्वतःचा वाटा, धरलं तर दहा लाखांचा साठा कमी केला की उचलीची मर्यादा साडेसात लाखांनी खाली. हिशेबाने व्याज वाचतं, स्वतःचे अडीच लाख सुटतात, हे खरं. पण पगाराच्या सात तारखेला हाताशी असलेली उचल गेलेली असते. मला मॅनेजरसाहेबांनी सरळ विचारलं होतं, ‘धंदा कमी झालाय का?’ रॅक रिकामे होणं ही आजाराची खूण, अशी ही सगळी व्यवस्था आहे.

इथवर आपण एका बाजूला. आता भांडतो.

‘श्रीमंत देशाचं काम’ हे मात्र मान्य नाही. १९५०मध्ये टोयोटा दिवाळखोरीच्या दारात होती. कामगार कपात झाली, संप झाला, संस्थापक किइचिरो तोयोदांना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि अमेरिकन लष्कराच्या ट्रकांच्या ऑर्डरवर कंपनी तरली. ही पद्धत बसवणारे ताइइची ओनो तेव्हा तिथलं मशीन शॉप सांभाळत होते. अमेरिकेसारखे एकेका पार्टचे डोंगर रचायला ना पैसा होता, ना तेवढं गिऱ्हाईक. ही पद्धत कडकीतून निघाली आहे. आणि त्यांनी सुरुवात पुरवठादारापासून केली नाही. आधी स्वतःच्या मशीन शॉपमध्ये, मग हळूहळू सगळ्या कंपनीत. त्यातच १९६०चं दशक उजाडलं, आणि पुरवठादारांकडे ती खऱ्या अर्थाने त्यानंतर गेली. आपल्याकडे उलटी गंगा.

म्हणून माझा मुद्दा असा, की तुमच्या-माझ्यासारख्याने डिलिव्हरीचा नाद सोडून आधी सेटिंगकडे, म्हणजे एका जॉबवरून दुसऱ्यावर जाताना मशीन लावण्याकडे, बघावं. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. आमच्या भोसरीच्या शेडमध्ये एका व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) आलटून-पालटून दोन ब्रॅकेट चालायचे. एकावरून दुसऱ्यावर जायला दोन तास पन्नास मिनिटं. एका सकाळी मोबाइल रॅकला टेकवून सगळं सेटिंग शूट केलं आणि संध्याकाळी सेटरबरोबर बसून बघितलं. मशीन बंद असणं खरंच गरजेचं होतं ते चाळीसेक मिनिटं. बाकी वेळ काय? फिक्श्चर (जॉब पकडून ठेवायची चौकट) रॅकच्या मागे, त्यावर दुसऱ्या जॉबची क्रेट. टी-बोल्ट तीन मापांचे, म्हणून ते आवळायचे पानेही तीन. पहिला नग तयार होऊन पडलाय आणि इन्स्पेक्टर दुसऱ्या मशीनवर. आणि बोअर गेज (भोकाचं माप घ्यायचं साधन) शेजारच्या शेडमध्ये उसना गेलेला! सेटर चित्रफीत बघून स्वतःच हसायला लागला.

बोल्ट एका मापाचे केले. बेड प्लेटवर लोकेटिंग पिना बसवल्या, त्यामुळे डायल फिरवून जागा जुळवत बसणं गेलं. पुढच्या जॉबचं फिक्श्चर, टूल आणि गेज आधीच ट्रॉलीवर यायला लागले. तीन महिन्यांत पाऊण तासावर आलो. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगोंनी टोयोटात १,००० टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं होतं, त्यापुढे आमचं हे काहीच नाही.

पण परिणाम बघा. पूर्वी एकदा सेटिंग लागलं की ‘आता काढूनच घेऊ’ म्हणून १,२०० नग काढायचो. आता ३००. एकदा इन्सर्ट (टूलची कापणारी धार) झिजून बोअर बिघडला होता, तो ग्राहकाच्या असेंब्लीत कळला; तोवर मागे अख्खी थप्पी तशीच लागलेली. सगळी सॉर्टिंगला, पाच दिवस, चार माणसं. लॉट लहान झाल्यापासून असं काही झालं तर तीनशेतच कळतं. व्याज वाचतं ते वेगळंच, पण मला विचाराल तर खरी कमाई ही आहे.

रस्ता आणि वीज: भोसरीहून चाकणला वीसेक किलोमीटरला कधी पाऊण तास, कधी अडीच तास. मान्य. पण तेवढ्यासाठी हाताशी एक-दोन दिवसांचा माल पुरतो, पंधरा दिवसांचा नाही. जकात नाक्यावर गाडी तासन्तास उभी राहायची ते दिवसही आपण दोघांनी पाहिलेत, आणि तेव्हाही काम चालायचंच.

टोयोटाने नाद सोडला, हे अर्धसत्य. १९९७मध्ये आयसिन या त्यांच्या पुरवठादाराच्या कारिया कारखान्याला आग लागली. ब्रेकचा एक लहानसा व्हॉल्व्ह जवळपास सगळा तिथेच बनायचा, हाताशी साठा काही तासांचा. टोयोटाचे कारखाने बंद पडले, आणि इतर पुरवठादारांनी आपापल्या मशीनवर तो व्हॉल्व्ह काढून काही दिवसांत गाडी रुळावर आणली. २०११च्या भूकंपानंतर त्यांनी चिपसारख्या, बनायला वेळ लागणाऱ्या मोजक्या वस्तूंचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवायला लावला. २०२१च्या टंचाईत सुरुवातीला तेच कामी आलं, पुढे त्यांनाही उत्पादन कापावं लागलं. कुठे साठा ठेवायचा हे मोजून ठरवलं, सगळीकडे थप्प्या लावल्या नाहीत.

आता तुमचा प्रश्न. काल स्वतः मोजून आलो. ज्या दोन ब्रॅकेटबद्दल सांगितलं, त्यांचा तयार माल तीन दिवसांचा. तिसरा एक हाउसिंग आहे, त्याचा अकरा दिवसांचा. त्याचं शेड्यूल गेल्या महिन्यात चार वेळा बदललं. ते बदलायचं थांबेपर्यंत हे अकरा दिवस मी कमी करणार नाही, आणि तसं त्या ग्राहकाला मेलवर लेखी कळवलंय. अजून उत्तर आलेलं नाही.