सांचीला निघालेल्या इंदूरकरांसाठी

सांचीला पहाटे निघावं, असं जाणकार सांगतात. तुम्ही आधी पोहे-जलेबी होऊ द्या. देवास, आष्टा, सीहोर, भोपाळ करत भर उन्हात पोचलात की गाडीतून उतरता उतरताच विचारता येतं, "इथे बघण्यासारखं आहे काय?" स्तूप समोरच असतो, साडेसोळा मीटर उंच, पण रात्री सराफ्यात खायला परत पोचायचं असलं की एवढीशी वस्तू नजरेतून सुटते.

स्तूप उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालतात. लहानपणापासून तुम्ही देवळात तशीच घालत आलात, पण हे देऊळ थोडंच आहे, हा तर 'पॉइंट'! सावली ज्या बाजूला असेल तिकडून फिरा. समोरून येणारे श्रीलंकेचे यात्रेकरू बाजूला होतील.

तोरणांपाशी, म्हणजे स्तूपाच्या दगडी कमानींपाशी, मात्र निवांत थांबा, फोटो तिथेच चांगले येतात. या तोरणांवर गौतम बुद्ध माणसाच्या रूपात कुठेच कोरलेला नाही. कुठे बोधिवृक्ष, कुठे चक्र, कुठे पावलं, कुठे नुसतं रिकामं आसन. पूर्वेच्या तोरणावर एक घोडा निघालाय, पाठीवर कुणी नाही, वर छत्र मात्र धरलंय : सिद्धार्थ घर सोडून चाललाय. (मला विचाराल तर सांचीत तेवढा घोडा बघितला तरी पेट्रोल वसूल झालं. पण तुम्ही काही घोडा बघायला आलेला नाहीत.) त्या कारागिरांना माणूस कोरता येत नव्हता असंही नाही, त्याच तोरणावर झाडाची फांदी धरून झुललेली यक्षी बघा. तरी त्यांनी ती जागा मोकळी सोडली. कुणासाठी, ते गॉगल चढवून फोन उंच धरलात की आपोआप कळेल.

इथल्या दगडांवर दात्यांची शेकडो नावं आहेत : गृहस्थ, त्यांच्या बायका, भिक्खू, भिक्खुणी. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांची नोंद आहे, सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचंही नाव आहे. नाव लागावं म्हणून या मंडळींना दान द्यावं लागलं, नाहीतर छिन्नी चालवावी लागली. तुमच्याकडे गाडीची किल्ली आहे. शिवाय सातकर्णी म्हणजे सातवाहन, सातवाहन म्हणजे पैठण आणि पैठण म्हणजे आपणच की! घरच्या कठड्यावर चढून बसायला कुणाला विचारायचं?

मग चैत्यगिरी विहार. चपला बाहेर काढा; नव्या असतील तर पिशवीत घालून आत न्या. बुद्धांचे पट्टशिष्य सारिपुत्त आणि मोग्गलान यांच्या अस्थी इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमला 1851 साली सांचीच्या तिसऱ्या स्तूपात सापडल्या, लंडनला गेल्या, परत आल्या आणि 1952 साली या विहारात ठेवल्या गेल्या. दर्शन वर्षातून एकदा, नोव्हेंबरच्या अखेरीस. म्हणून तुम्ही मे महिन्यात जा आणि भंतेजींना म्हणा, "जरा उघडून दाखवा ना, इंदूरहून आलोय." हे वाक्य मध्य प्रदेशात कुठेही चालतं, इथे का चालू नये? नाहीच चाललं तर बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी घ्या. श्रीलंकेत हा अपमान समजतात आणि हा विहार तिथल्याच महाबोधी सोसायटीचा आहे, पण भंतेजी बहुधा काही बोलणार नाहीत. न बोलणं म्हणजे परवानगीच. शेजारी कुणी डोळे मिटून बसलं असेल तर मुलांना मोठ्यानं सांगा, "आवाज करू नका रे, काका ध्यान करताहेत!"

एव्हाना भूक लागलेली असेल. पायरीवरच शेवेचं पाकीट फोडा, जीरावन मसाला भुरभुरवा. आता पाकिटाचं काय करायचं, असा प्रश्न तुम्हाला पडेल. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या गावचे आपण, ओला-सुका झोपेतही वेगळा करतो. पण घाबरू नका. चालान फाडणारे निगमवाले इथे नाहीत. सांची इंदूर निगमच्या हद्दीत येत नाही.