डॉट स्टोअरबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही दोन तारे दिलेत आणि लिहिलंत की, डॉट कॉमइतकंच चालेल म्हणून साइटचा डॉट स्टोअरवर संपणारा पत्ता गळ्यात मारलं, गिऱ्हाईक भलत्याच पानावर जातं, ईमेल चालत नाही, गूगलवर दुकान दिसत नाही आणि आता नूतनीकरणाला चार हजार मागतात. गूगलची सोडून बाकी तक्रारी खऱ्या आहेत. गूगलबद्दल माझं मत वेगळं आहे, ते पुढे सांगतो.

परवा तुमच्या गाळ्यावर तासभर बसलो होतो. इचलकरंजीहून बेदाण्यासाठी फोन आला आणि तुम्ही साइटचा पत्ता सांगितलात. पलीकडून लगेच, "स्टोअर डॉट कॉम ना?" तुम्ही म्हणालात, पुढे काही नाही, स्टोअरवरच संपतं. मग त्यांनी शेवटी एस लावून "स्टोअर्स" टाकलं. अखेर तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवलीत. मी विकताना या फोनचा विचारच केला नव्हता. कॉम्प्युटरला दोन्ही पत्ते सारखेच, पण तुमचा निम्मा धंदा तोंडी चालतो आणि लोकांच्या तोंडात १९८५ पासूनचं डॉट कॉम बसलंय. २०१२ साली नव्या एक्स्टेंशनसाठी, म्हणजे पत्त्याच्या शेवटी येणाऱ्या डॉट स्टोअरसारख्या नव्या तुकड्यांसाठी, अर्ज मागवले गेले, तेव्हा प्रत्येकी १,८५,००० डॉलर फी असूनही १,९३० अर्ज आले. इतका पैसा लागूनही ती सवय मोडलेली नाही. गूगलच्या मूळ कंपनीने २०१५ साली स्वतःच्या साइटसाठी एबीसी डॉट एक्सवायझेड हे नाव घेतलं, पण शोधाचं पान गूगल डॉट कॉमवरच ठेवलं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

ईमेलचं कारण साधं आहे. जुने फॉर्म बनवताना पत्त्याचा शेवटचा तुकडा दोन ते चार अक्षरांचाच असणार असं धरून चालायचे. इंग्रजीत स्टोअर पाच अक्षरी, म्हणून तुमच्या एका खरेदीदाराच्या पोर्टलने तुमचा ईमेल चुकीचा ठरवला. तुमची कोटेशनची तारीख त्यात हुकली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पैशांचं तर सरळ माझंच चुकलं. पहिलं वर्ष ९९ रुपयांत मिळालं आणि पुढचा दर बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात होता. डॉट कॉमच्या घाऊक दरावर कराराने मर्यादा असते, या नव्या एक्स्टेंशनवर तशी नसते. मी ते वाचलेलं होतं. तोंडाने सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

गूगलचं मात्र मला पटत नाही. नव्या एक्स्टेंशनला शोधात वरचं किंवा खालचं स्थान दिलं जात नाही, हे गूगलने २०१५ सालीच जाहीर केलंय. तुमच्या साइटवर हळदीची अकरा पानं आहेत आणि एकावरही चार ओळींचं वर्णन नाही. मजकूर तुमच्याकडून यायचा होता हे खरं, पण वर्षभर मीही पाठपुरावा केला नाही.

नवं नाव कधीच उभं राहत नाही, असं मी तरीही म्हणणार नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इनवर जायला लावलं. तो पत्ता फक्त बँकेलाच मिळतो, त्यामुळे ते नाव दिसलं की ग्राहकाला काहीतरी खात्री मिळते. डॉट स्टोअर कुणालाही मिळतं. तुमच्यासारख्या तीस वर्षं सचोटीने हळद विकणाऱ्या दुकानाला त्यातून वेगळा भरवसा मिळत नाही, हे मी ओळखायला हवं होतं.

तुमच्या नावाचं डॉट कॉम दुसऱ्याकडे आहे आणि तिथे नुसत्या जाहिराती दिसतात. डॉट इन मोकळं होतं, ते काल तुमच्याच नावावर नोंदवलंय, पाच वर्षांसाठी, आमच्या खर्चाने. ईमेल आठवडाभरात तिकडे हलवतो. डॉट स्टोअर लगेच सोडू नका, तुमच्या छापील पाऊचवरचा क्यूआर कोड तिथेच जातो आणि मुदत संपली की ते नाव कुणीही उचलू शकतं. दोन वर्षं ते नव्या पत्त्याकडे वळवून ठेवतो, तो खर्चही आमचा.

पाऊचची पुढची छपाई द्यायच्या आधी एक फोन करा. पत्ता आणि कोड तपासायला मी स्वतः प्रेसवर येतो.