प्रतिक्रियेला उत्तर: माशाला काय चारायचं, यात आयुष्य घालवावं का?

काका, सप्रेम नमस्कार.

माशांच्या आहाराचे अमेरिकी संशोधक डॉ. जॉन हाल्व्हर यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया सावकाश वाचली. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गोषवारा आधी देते. तुमचं म्हणणं असं, की हाल्व्हर यांनी माशाला काय चारावं एवढ्या एका प्रश्नात उभा जन्म घालवला आणि मी त्याचे गोडवे गायले. नदीतला मासा कुणी चारायची वाट बघत बसत नाही. या संशोधनाचा फायदा झालाच तर तो खाद्य विकणाऱ्या कंपन्यांना. त्यात आपलं बडोदं, इथे कितीतरी घरांत मासळी उंबरठ्याच्या आत येत नाही, अशा गावातल्या मुलांच्या डोक्यात हे भरवू नये. आणि शेवटी खरी गोष्ट: तुमची भाची बारावी सायन्स झाली आहे, घरात फार्मसीचं ठरत आलं होतं, आणि तो लेख वाचून ती आता फिशरीजला जाते म्हणते आहे.

एका मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांबलं तरी चालेल. मी स्वतः याच विषयात शिकले, पुढे काही वर्षं प्रयोगशाळेत काम केलं. तेव्हा बोलते ते ऐकीव नाही.

"एवढा एक प्रश्न" या शब्दांपासूनच सुरुवात करते. हाल्व्हर यांनी तो हातात घेतला तेव्हा काय स्थिती होती? अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या नद्यांवर धरणं झाली, अंडी घालायला वर जाणाऱ्या सॅमनची वाट अडली, म्हणून सरकारने पिल्लं वाढवायची केंद्रं काढली. तिथे पिल्लांना घालायचे कच्चं काळीज, प्लीहा, घोड्याचं मांस, मेलेल्या सॅमनचाच खिमा. पिल्लं काही दिवस वाढत आणि मग पटापट मरत. त्या खिम्यातून क्षयाच्या जातीचा रोगही त्यांच्यात शिरला. पण मरण्याचं कारण नक्की कोणती उणीव, हे कुणालाच सांगता येत नव्हतं, कारण काळजात सगळंच थोडंथोडं असतं.

हाल्व्हर यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या कुक या गावच्या प्रयोगशाळेत असं खाद्य बनवलं, की ज्यातला प्रत्येक कण माहितीचा. दुधातलं केसीन, जिलेटिन, डेक्स्ट्रिन, तेल, क्षार आणि मोजून घातलेली शुद्ध जीवनसत्त्वं. मग एका टाकीच्या खाद्यातून फक्त एक जीवनसत्त्व काढायचं, बाकी सगळं जसंच्या तसं. थायमिन काढलं की माशाचा तोल सुटतो, झटके येतात. पँटोथेनिक आम्ल काढलं की कल्ल्यांच्या कडा सुजून एकमेकींना चिकटतात. 'क' काढलं की कणा वाकतो. 1957 साली चिनूक सॅमनच्या जीवनसत्त्वांवरचं हे काम प्रसिद्ध झालं. मग याच पद्धतीने अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक, तपासली आणि त्यातली दहा माशाला आहारातूनच मिळावी लागतात हे ठरलं. आज जगात कुठेही माशाचं खाद्य तयार होतं, ते या पद्धतीच्या पायावर. 1922 ला जन्मलेला हा माणूस 2012 मध्ये गेला, आणि प्रश्न संपला म्हणून थांबायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. सॅमनचं झालं, आता रोहूचं काय? पिल्लाचं झालं, अंड्यावर आलेल्या मादीचं काय? थंड पाण्यातलं झालं, आपल्या मे महिन्यातल्या तळ्याचं काय?

वाकलेल्या कण्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तो मी पाहिला आहे. सुरुवातीला मासा जरा आखूड वाटतो, एवढंच. एक्स-रे काढला की मणके एकमेकांवर चढलेले दिसतात, कधी खाली झुकलेले, कधी बाजूला वळलेले. आपल्यासारखंच बहुतेक हाडांच्या माशांनाही 'क' जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही. ते नसलं की कोलॅजन, म्हणजे हाडाला धरून ठेवणारं प्रथिन, धड तयार होत नाही आणि हाडाचा सांगाडा पेलत नाही. बरं, खाद्यात घातलं की काम झालं असंही नाही. गोळी बनवताना जी उष्णता लागते तिच्यात ते निम्म्याहून जास्त नासू शकतं, उरलेलं गोदामात. म्हणून फॉस्फेटला बांधलेलं, उष्णतेत टिकणारं रूप शोधावं लागलं. एका जीवनसत्त्वामागे इतकी माणसं इतकी वर्षं राबली आहेत.

नदीतला मासा आपलं आपण खातो, हे तुमचं अगदी खरं. पण आपल्या ताटात येणारा मासा आता बराचसा नदीतला राहिलेला नाही. 2022-23 मध्ये देशात सुमारे 175 लाख टन मासळी झाली, त्यातली सुमारे 131 लाख टन समुद्राबाहेरची: तळी, जलाशय, नद्या, खाजणं. एका हेक्टरच्या तळ्यात हजारोंनी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली की पाण्यातल्या शेवाळावर आणि प्लवकांवर त्यांचं भागत नाही. पूर्वापार उपाय म्हणजे भाताचा कोंडा आणि पेंड, निम्मं निम्मं. आंध्रात कोल्लेरू सरोवराच्या भागात भोकं पाडलेल्या गोण्यांत ते भरून बांबूला बांधून पाण्यात सोडतात आणि रोहू-कटला येऊन गोणीला तोंड लावतात. ही हुशारीच आहे. पण पेंडीत लायसिन आणि मेथिओनिन ही अमिनो आम्लं कमी, सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य, आणि वनस्पतीतला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला. तो सोडवणारं विकर (एन्झाइम) माशाच्या आतड्यात जवळजवळ नसतंच, म्हणून तो न पचता पाण्यात जातो, शेवाळ माजून पाणी हिरवं पडतं, आणि पहाटे प्राणवायू कमी होऊन तळंच्या तळं पालथं होतं. काय चारायचं यात काय चारायचं नाही हेही येतं, आणि माझ्या मते निम्मा विषय तिथेच आहे.

आता कंपन्यांच्या फायद्याचं. मत्स्यशेतीत चालू खर्चाचा निम्म्याहून जास्त हिस्सा खाद्याचा असतो. समजा एका शेतकऱ्याने दहा टन मासा काढला. किलोभर वाढीला 1.8 किलो खाद्य लागत होतं, ते 1.5 किलोवर आलं. तीन टन खाद्य वाचलं. किलोला 40 रुपये धरा, एक लाख वीस हजार रुपये झाले. हा पैसा कंपनीला कमी जातो, शेतकऱ्याच्या घरात राहतो. सुरत, नवसारी, भरूचकडे खाऱ्या पाण्याच्या तलावांत कोळंबी काढणाऱ्या कुणालाही विचारा, झोप कशामुळे उडते. रोगामुळे, भावामुळे आणि खाद्याच्या बिलामुळे. कंपनी स्वतःची चाचणी स्वतःकडे ठेवते. भुवनेश्वरची सीफा, चेन्नईची सीबा, मुंबईची सीआयएफई या सरकारी संस्थांत ठरलेले आकडे मात्र शोधनिबंधात छापून येतात, ते वाचून गावातला छोटा गिरणीवालाही खाद्य बनवू शकतो. कंपन्यांची भीती वाटत असेल तर सरकारी प्रयोगशाळेत हुशार मुली जास्तच हव्यात.

तुम्ही न विचारलेला, पण विचारायला हवा होता असा एक आक्षेप मीच मांडते. माशाच्या खाद्यात मासळीचं पीठ जातं. समुद्रातली लहान मासळी वाळवून, दळून, तळ्यातल्या मोठ्या मासळीला घालायची. गरिबाच्या ताटातली तारली असं पीठ होऊन जाते, तेव्हा माझ्या पोटात तुटतं. या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. तो सोडवला जातोय तोही याच लोकांकडून. नॉर्वेत सॅमनच्या खाद्यात समुद्री प्रथिनं 1990 साली सुमारे 65 टक्के होती, 2016 पर्यंत ती सुमारे 15 टक्क्यांवर आली. सोया, गहू, मटार वापरून, आणि जे अमिनो आम्ल कमी पडेल ते वरून घालून. दहा अमिनो आम्लांचा हिशेब कुणी एकेक करून मांडला नसता तर हे करता आलंच नसतं.

आणि माणसाच्या उपयोगाचं काय, असं तुम्ही एका वाक्यात विचारलंय. 1920 च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके ट्राउट माशांना वेगवेगळ्या प्रमाणात प्रथिनं घालून बघत होते. ज्यांची वाढ हळू झाली ते मासे जास्त जगले. ते त्यांच्या मनात राहिलं, मग त्यांनी उंदरांवर प्रयोग केले, आणि कमी उष्मांकाच्या आहाराने उंदीर जास्त जगतात हा निष्कर्ष 1935 मध्ये छापला. वार्धक्याच्या संशोधनात आजही त्याचा आधार घेतात.

दुसरी गोष्ट आपल्या दारातली आहे. 1960 मध्ये अमेरिकेतल्या केंद्रांत ट्राउट माशांच्या यकृतात गाठी निघू लागल्या. त्याच साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी दगावले. टर्कींच्या खाद्यात शेंगदाण्याची पेंड होती, ट्राउटच्या खाद्यात सरकीची. दोन्हीकडे बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन. त्या शोधात हाल्व्हरही होते. पुढे ट्राउट मासा या विषाच्या अभ्यासाचा मुख्य प्राणी ठरला, कारण एक अब्ज भागांत एखाददुसरा भाग असला तरी त्याचं यकृत सांगतं. आणि 1974 मध्ये आपल्या शेजारच्या पंचमहालात आणि राजस्थानातल्या बांसवाड्यात आदिवासी कुटुंबांनी बुरशी लागलेला मका खाल्ला. नोंद झालेल्या 397 रुग्णांपैकी 106 जण गेले. कावीळ, पोटात पाणी, यकृत निकामी. गोध्रा इथून किती लांब आहे, काका? त्या मक्यात काय होतं हे डॉक्टरांना ओळखता आलं, कारण आधीच्या चौदा वर्षांत कोंबड्या-टर्की आणि मासे यांच्या खाद्यावर काम करणाऱ्यांनी ते विष शोधून त्याला नाव दिलं होतं.

बडोद्याच्या शाकाहाराचा मला मान आहे. आमच्या वाड्यातही निम्म्या घरी मासळी होत नसे. पण या गावाला हा विषय परका आहे, हे नाही पटत. सयाजीराव महाराजांच्या राज्यात द्वारकेकडच्या ओखामंडळाचा किनारा होता. तिथल्या समुद्रातल्या जीवांची पाहणी करायला सागरी जीवांचे इंग्रज अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांना बोलावलं गेलं, त्यांच्या अहवालाचा पहिला भाग 1909 साली निघाला, दुसरा 1916 साली. राजाने स्वतः काय खावं न खावं यावर ते अवलंबून नव्हतं. आपल्याच विद्यापीठात माणसाच्या आहारशास्त्राचा विभाग आहे, त्याबद्दल कुणाला नवल वाटत नाही. लायसिन हे लायसिनच आहे, मुलाच्या पोटात जावो की माशाच्या.

आता भाचीसाठी, गोड न करता.

काम अंगमेहनतीचं आहे. खाद्य आपल्या हाताने करायचं: पिठं चाळून, मळून, गोळा कुकरमध्ये वाफवायचा, निवू द्यायचा, आणि मगच जीवनसत्त्वांचं मिश्रण घालायचं, नाहीतर उष्णतेने ते जातं. लहान प्रयोगाला शेवेच्या सोऱ्यातून काढून पंख्याखाली वाळवतात. मग आठ-दहा आठवडे, रविवार-दिवाळीसकट, ठरल्या वेळी तोलून घालायचं, न खाल्लेलं नळीने ओढून घ्यायचं, माशाची विष्ठा पाण्यात विरघळायच्या आत गोळा करायची, कारण पचलं किती हे तिच्यावरून कळतं. पंधरा दिवसांनी वजनं. त्या दिवशी टबात थोडं लवंगतेल टाकतात, मासे गुंगतात, ओल्या कपड्यात धरून काट्यावर ठेवायचे आणि लगेच स्वच्छ पाण्यात. दिवसभर बोटांना लवंगेचा वास येतो. प्रयोग संपला की नमुने घ्यायला काही मासे मारावे लागतात. शाकाहारी घरातल्या मुलीला हे जड जातं. मलाही गेलं, आणि ते जड वाटणं पुरतं गेलेलं नाही. नको वाटलं तर तिने आत्ताच थांबावं, त्यात कमीपणा नाही.

रात्री वीज गेली, हवेचा पंप थांबला, की सकाळी दोन महिन्यांचं काम पाण्यावर तरंगत असतं. पुन्हा पहिल्यापासून.

वाट लांब आहे. चार वर्षांची फिशरीजची पदवी म्हणजे बीएफएससी, मग पदव्युत्तर एमएफएससी, मग पीएचडी. सरकारी शास्त्रज्ञाची जागा अखिल भारतीय परीक्षेतून मिळते, जागा थोड्या आणि मुलं पुष्कळ. खाद्याच्या कारखान्यात सूत्र बसवणारा माणूस लागतो, तिथे पगार लवकर सुरू होतो. कृषी विज्ञान केंद्रं आहेत, राज्याचं मत्स्य खातं आहे. फार्मसीएवढी घराजवळची सोय बडोद्यात मिळणार नाही, हे तुमचं मान्य.

कॉलेजांचं म्हणाल तर गुजरातेत वेरावळला आहे. महाराष्ट्रात रत्नागिरी, नागपूर, उदगीर. मंगळूरचं 1969 चं, देशातलं पहिलं. बारावीला जीवशास्त्र असेल तर रस्ता सरळ. बाहेरच्या राज्यातल्या जागांसाठी राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा असते, त्याच्या अटी तिने यंदाच्या माहितीपत्रकातूनच बघाव्यात. ठरवण्याआधी वेरावळला एक चक्कर मारा, तुम्हीही सोबत जा. कॉलेज बघा, बंदर बघा, मासळी उतरते त्या वेळी वास घेऊन बघा. तिथे तिला उमाळा आला तर अडवू नका. परत येताना गाडीत गप्प बसली तर फार्मसी आहेच.

आणि तिला काही विचारायचं असेल तर याच लेखाखाली लिहू द्या. मी रोज रात्री बघते.