बेरजेत नापास

सीएच्या अंतिम परीक्षेत प्रत्येक विषयात उत्तीर्ण होऊनही नापास होता येते, ही गोष्ट मी आतापर्यंत आईला, सासऱ्यांना, शेजारच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांना आणि आमच्या कंपनीच्या बसचालकाला समजावून सांगितली आहे. त्यांपैकी विश्वास ठेवला तो फक्त बसचालकाने, आणि तोही बहुधा सिग्नल सुटला म्हणून. नियम तसा अवघड नाही. परीक्षेत तीन-तीन विषयांचे दोन ग्रुप असतात. प्रत्येक विषयात शंभरापैकी किमान ४० गुण लागतात आणि शिवाय ग्रुपमधल्या तिन्ही विषयांची बेरीज ३०० पैकी १५० भरावी लागते. पहिल्या ग्रुपमध्ये मी पूर्वीच उत्तीर्ण झालो होतो. दुसऱ्या ग्रुपमध्ये २०२५ च्या मे महिन्यात मला प्रत्यक्ष करात ४६, अप्रत्यक्ष करात, म्हणजे मुख्यतः जीएसटीत, ५२ आणि सहाव्या पेपरात ४९ गुण मिळाले. हिशोबाच्या क्षेत्रातल्या वाचकांनी एव्हाना मनातल्या मनात बेरीज केली असेलच. इतरांसाठी सांगतो, ती १४७ होते. याच १४७ पैकी एखाद्या विषयात ६० मिळाले असते तर त्या विषयातून पुढच्या तीन परीक्षांपुरती सूट तरी मिळाली असती, परंतु माझे गुण कोणत्याच विषयावर अन्याय होऊ नये अशा समतेने वाटले गेले होते.

आईने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग तू नेमका नापास कशात झालास?"

"बेरजेत," मी म्हणालो.

"अरे, पण कंपनी तुला पगार त्याचाच देते ना?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्या दिवशी आषाढी एकादशी होती. ६ जुलैच्या दुपारी निकाल लागला, तेव्हा घरात साबुदाण्याची खिचडी आणि वऱ्याचे तांदूळ तयार होते आणि पेढ्यांचा एक पुडा, उपवासाला चालतात म्हणून, देवापुढे आधीच ठेवलेला होता. एकादशीच्या घरी शिवरात्र म्हणतात ती कशी येते, हे मी संकेतस्थळावर आसनक्रमांक टाकून पाहिले. त्याहून वाईट गोष्ट अशी की पाचच दिवस आधी, म्हणजे १ जुलैला, कार्यालयात आमच्या विभागाचा केक कापण्यात आला होता. चार्टर्ड अकाउंटंट्सच्या इन्स्टिट्यूटची स्थापना १ जुलै १९४९ रोजी झाली, म्हणून तो दिवस सीए दिन मानतात. आमचा मनुष्यबळ विभाग सीए आणि होऊ घातलेला सीए यांच्यात भेद करीत नसल्यामुळे केकवर माझेही नाव होते. केक खाल्ल्यानंतर तो परत करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही.

सासऱ्यांची शंका वेगळी होती. सहावा पेपर हा पुस्तके उघडी ठेवून लिहायचा असतो, ही माहिती त्यांना कोठून तरी मिळाली होती. "जावईबापू, पुस्तकात बघून लिहायचं होतं म्हणे," एवढेच ते म्हणाले आणि पुढचे वाक्य त्यांनी सौजन्याने गिळले. आता त्यांना कसे सांगावे? तो पेपर चार तासांचा असतो, त्यात एकेका कंपनीची पानेच्या पाने कहाणी दिलेली असते, आणि तीत लेखामानके, लेखापरीक्षण, वित्तव्यवस्थापन व दोन्ही कर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे असतात. पुस्तकात उत्तर असते यात शंका नाही, परंतु ते कोणत्या पुस्तकात आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याला पुस्तक उघडावेच लागत नाही. मी चाकांची बॅग भरून पुस्तके नेली होती. रिक्षात बसताच चालकाने न विचारता मीटर टाकले आणि रिक्षा पुणे स्टेशनच्या दिशेने वळवली. केंद्रावर पोहोचलो तर फाटकापाशी तशाच बॅगा घेतलेल्या पन्नासेक उमेदवारांचा घोळका होता आणि समोरचा चहावाला प्रत्येकाला गाडी किती वाजताची आहे ते विचारत होता.

त्यातच त्या मे महिन्यात सीमेवरच्या तणावामुळे उरलेले पेपर मध्येच काही दिवस पुढे ढकलले गेले. सर्वांना वाटले, बरे झाले, अभ्यासाला वेळ मिळाला. माझी रजा मात्र मूळ वेळापत्रकानुसार मंजूर झालेली होती. ती संपली, पेपर राहिले, आणि अप्रत्यक्ष कराच्या पेपरापूर्वीचे मौल्यवान दिवस मी चाकणला कंपनीचे अप्रत्यक्ष कर भरण्यात घालवले.

खरी गंमत इथेच आहे. आमचा कारखाना मोटारींचे सुटे भाग बनवतो आणि तिथे जीएसटीचा जाणकार म्हणून जो माणूस ओळखला जातो तो मीच. खरेदी विभागाला मालवाहतुकीच्या बिलावर कर कोणी भरायचा ते हवे असते, भांडार विभागाला जॉबवर्कला, म्हणजे बाहेर प्रक्रियेसाठी, पाठवलेला माल किती दिवसांत परत यायला हवा ते हवे असते, आणि दोघांनाही मी हातातला चहा खाली न ठेवता उत्तर देतो. परीक्षेत मात्र याच विषयात बावन्न. कारण परीक्षेतली कंपनी वेगळी असते. 'एक्स लिमिटेड' नावाच्या त्या संस्थेला एकाच आर्थिक वर्षात जगातली सर्व संकटे गाठतात: तिचे गोदाम जळते, एक विभाग विलग होतो, परदेशातली भगिनी कंपनी तिला बाजारभावापेक्षा कमी दरात सेवा देते, आणि संचालक मंडळ हे सर्व चालू असताना धर्मादाय संस्थेला संगणक दान करते. आमच्या कंपनीत वर्षातला सर्वांत थरारक प्रसंग म्हणजे भोसरीच्या पुरवठादाराने बिल जीएसटीच्या पोर्टलवर न चढवणे. त्याला फोन करून, गोड बोलून, शेवटी त्याचे पैसे अडवून ते बिल चढवून घेण्याचे जे कौशल्य मी कमावले आहे, त्यावर आजवर एकही प्रश्न आलेला नाही.

कार्यालयाच्या भाषेत मी 'सेमी क्वालिफाइड' आहे. या पदवीचा उपयोग असा की पगार ठरवताना 'सेमी'वर जोर देतात आणि काम सोपवताना 'क्वालिफाइड'वर.

अभ्यासाला वेळ केव्हा मिळतो, असे लोक विचारतात, म्हणून आमच्या विभागाचे पंचांग सांगतो. महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस, म्हणजे उगमापाशी कापलेला आयकर, भरायचा, ११ तारखेला जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र, १५ तारखेला भविष्य निर्वाह निधी, २० तारखेला जीएसटीआर-३बी हे कर भरण्याचे विवरणपत्र. एकविसाव्या दिवशी माणूस पुस्तक उघडतो आणि पंचविसाव्या दिवशी महिनाअखेरीचे क्लोजिंग सुरू होते. पूर्वी अंतिम परीक्षा मे आणि नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा होई. २०२५ पासून ती जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी तीनदा होऊ लागली. उमेदवारांच्या सोयीसाठीच ही सुधारणा झाली आहे, याबद्दल वाद नाही. परंतु मे महिन्याच्या आधी मार्चअखेर येते आणि तिच्यामागून लेखापरीक्षक येतात; सप्टेंबर हा करलेखापरीक्षणाच्या अहवालाचा आणि वार्षिक सभेचा महिना; आणि जानेवारीच्या आधी जे येते त्याविषयी पुढे सांगतो. सप्टेंबरच्या परीक्षेला मी बसलो नाही, कारण त्या महिन्यात मी खुर्चीवरून उठलोच नाही.

उरते ती बस. सिंहगड रस्त्यावरून सकाळी पावणेसातला निघालेली आमची बस नाशिक फाटा, भोसरी, मोशी करीत चाकणला पोहोचते, आणि मोशीच्या पुढे वाहतूक जेथे थांबते तेथे आयकराचे एक अख्खे प्रकरण संपू शकते. मी भ्रमणध्वनीवर व्याख्याने ऐकतो, तीही पावणेदोनपट वेगाने, कारण मूळ वेगाने ऐकली तर ती परीक्षेनंतर संपतील. या सवयीचा परिणाम असा झाला आहे की सामान्य वेगाने बोलणारी माणसे मला गुंगीत असल्यासारखी वाटतात. साहेब बैठकीत बोलू लागले की माझा अंगठा नकळत टेबलावर वेग वाढवण्याची खूण शोधू लागतो, आणि बायकोने तर स्पष्ट ताकीद दिली आहे की ती बोलत असताना मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचे नाही. माझ्या शेजारी गुणवत्ता विभागातले एक सहकारी बसतात. माझ्या इअरफोनमधून गळणारे ऐकून ऐकून त्यांना जीएसटीतला 'पुरवठ्याचे ठिकाण' हा विषय इतका अवगत झाला आहे की परवा त्यांनी महाबळेश्वरच्या हॉटेलात बिलावरून व्यवस्थापकाला निरुत्तर केले. त्यांना परीक्षेला बसवले तर ते साठ गुण आणतील, अशी मला भीती वाटते.

शनिवार-रविवार मी नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसतो. तिथली बाकीची मंडळी स्पर्धा परीक्षांची. कोणी राज्यसेवेची, कोणी राज्य कर निरीक्षकाच्या पदावर डोळा ठेवून असलेली. डोक्यावरचे विरळ केस पाहून पहिल्या दिवशी सर्वांनी मला अभ्यासिकेचा मालक समजून पंख्याची तक्रार सांगितली. आता मी 'दादा' आहे. मी कर विषयाचा म्हटल्यावर लातूरकडच्या एका मुलाने मला विचारले, "दादा, जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन किती?" मी दरमहा या कराच्या नावाने रात्री जागवतो, पण हे मला सांगता येईना. "एक तृतीयांश. राज्यांचं दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. अनुच्छेद २७९-अ," तो म्हणाला, आणि माझ्याकडे जरा काळजीने पाहून त्याने आपल्या पोह्यांतले निम्मे मला दिले. त्यांच्या परीक्षेला वयोमर्यादा आहे, आमच्या परीक्षेला नाही. ही सवलत आहे की शिक्षा, यावर आमची चहाच्या टपरीवर अनेकदा चर्चा होते आणि अद्याप निर्णय झालेला नाही.

हे सर्व एक वेळ जमले असते, कायदा जागेवर राहिला असता तर. बचतीवर आयकरात सवलत देणारे 'ऐंशी-सी' हे कलम मी लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या घरी विमा एजंट येत असे तोच मुळी ते म्हणत. आता १ एप्रिल २०२६ पासूनचा नवा आयकर कायदा आला असून त्यात ५३६ कलमे आहेत. ऐंशी-सी तिथे १२३ झाले आहे, आणि कंत्राटदार, व्यावसायिक, भाडे, दलाली अशा निरनिराळ्यांसाठी जुन्या कायद्यात १९४ च्या पुढे इंग्रजी अक्षरे लावत गेलेला उद्गम-करकपातीचा गोतावळा एका ३९३ व्या कलमाच्या वाड्यात एकत्र राहायला गेला आहे. चांगले झाले, कोणीतरी हे करायलाच हवे होते, असे मी तटस्थपणे म्हणू शकतो. परंतु २०२६ च्या जानेवारीतल्या परीक्षेला १९६१ चा जुनाच कायदा आहे. म्हणजे सोमवार ते शुक्रवार कार्यालयात प्रशिक्षणात ३९३ पाठ करायचे आणि शनिवारी नवी पेठेत ते विसरून १९४ कडे परत यायचे. जीएसटीचीही तीच कथा. २२ सप्टेंबरला दर बदलले, बहुतेक मालावरचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, आमच्या मालाचा दर २८ वरून १८ वर आणण्यासाठी आम्ही रात्रभर संगणकासमोर बसलो. पण माझी पुस्तके त्याआधी छापलेली असल्याने त्यांत अठ्ठावीस टक्के अजून सुखाने नांदतो आहे. त्याच पुस्तकांच्या समासात, खारवलेल्या सुट्या पॉपकॉर्नवर ५, वेष्टनातल्यावर १२ आणि साखरेत घोळलेल्यावर १८ टक्के, अशी मी मागच्या वर्षी केलेली नोंद आहे. सिनेमागृहात ती मी बायकोला सांगितली, तेव्हापासून मध्यंतरात ती सामोसा मागते.

आता २०२५ चा डिसेंबर उजाडला आहे. परीक्षेसाठी तीन आठवड्यांच्या रजेचा अर्ज मी साहेबांकडे नेला. साहेब स्वतः सीए आहेत आणि त्यांनी दोन्ही ग्रुप एकदमच सोडवले होते. हे त्यांनी मला कधी सांगितले नाही, त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवरच्या चौकटीने सांगितले. त्यांनी अर्ज वाचला, दिनदर्शिकेकडे पाहिले आणि अत्यंत सहानुभूतीने म्हणाले, "तुम्ही या वेळी सुटायलाच हवं. बेरजेचं बघा तेवढं." मग पेनाचे टोपण काढून त्यांनी कोपऱ्यात शेरा लिहिला: 'मंजूर. जीएसटीआर-९ झाल्यावर.' जीएसटीआर-९ हे वार्षिक विवरणपत्र असून त्याची मुदत ३१ डिसेंबर आहे, आणि ते मुदतीच्या आधी पूर्ण झाल्याचे आमच्या विभागात कोणी पाहिलेले नाही.

"बाकी कामाचा ताबा तुमच्या ज्युनियरला देऊन ठेवा," साहेब म्हणाले.

मी जागेवर आलो. ज्युनियर हुशार मुलगा आहे, नुकताच आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, संपवून आला आहे, आणि तोही याच जानेवारीत दुसऱ्या ग्रुपला बसतो आहे, ही गोष्ट मला ठाऊक होती, कारण त्याचा रजेचा अर्ज सकाळपासून माझ्या टेबलावर मंजुरीसाठी पडून होता. तो दारातून आशेने पाहत होता. मी अर्ज पुढे ओढला, तारखा तपासल्या, पेनाचे टोपण काढले आणि कोपऱ्यात लिहिले: 'मंजूर. जीएसटीआर-९ झाल्यावर.'