मीच आता धारवाडवाला

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच भांडण चालू आहे आणि मी यॉर्कशायरमध्ये बसून त्यात पडायचं नाही असं रोज ठरवतो. बेळगावातल्या एका कॉलेजच्या मंडळावर आमचाच एक वर्गमित्र आहे. त्याने सुचवलं की मराठी माध्यमातून एसएसएलसी म्हणजे दहावी करून, पीयूसी म्हणजे बारावी कसंबसं उरकून बी.कॉम.ला येणाऱ्या पोरांसाठी आधी एक तयारीचं सत्र घ्यावं. इंग्रजी, कामापुरतं कन्नड, हिशेबाचं गणित, उत्तर कसं लिहायचं, एवढंच. विद्यापीठाने अभ्यासक्रमाला मान्यता द्यावी आणि गावोगावच्या कॉलेजांनी तो शिकवावा.

झालं. एक म्हणाला, आमची पोरं काय ढ आहेत काय? दुसरा म्हणाला, कन्नड शिकवणार म्हणजे मागच्या दाराने सक्तीच की. तिसऱ्याला बेळगावची कॉलेजं ज्याला जोडलेली आहेत त्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचं नावच नको, त्याला सीमाभागातली सगळी कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडून हवी आहेत. वर्गात कोण उभं राहून काय शिकवणार, हे दोनशे मेसेजांत एकानेही विचारलं नाही.

माझी चिडचिड एवढ्याचसाठी की मी पोटापाण्यासाठी हेच करतो. आमच्या विद्यापीठाचा फाउंडेशन इयर, म्हणजे पदवीआधीचं तयारीचं वर्ष, आम्ही स्वतः शिकवत नाही, आजूबाजूच्या गावांतली भागीदार कॉलेजं शिकवतात. अभ्यासक्रम आमचा, शिक्का आमचा, फी आमच्यामार्फत, वर्ग त्यांचा. मी लिंक ट्यूटर आहे. एम-62 वरून गाडी हाकत या कॉलेजातून त्या कॉलेजात जायचं, शिकवणं बघायचं, पोरांशी त्यांच्या शिक्षकांना बाहेर काढून बोलायचं, तपासलेल्या असाइनमेंटचा नमुना पुन्हा तपासायचा, जूनमध्ये एक्झाम बोर्डासमोर उत्तरं द्यायची. वर्गातली पोरं गळाली तर ऑफिस फॉर स्टुडंट्स ही इंग्लंडातल्या विद्यापीठांवर देखरेख करणारी संस्था त्या कॉलेजाबरोबर आमचीही मानगूट धरतं. पूर्णवेळ पदवीच्या पहिल्या वर्षानंतर किमान 80 टक्के विद्यार्थी टिकले पाहिजेत असा त्यांचा दंडक आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या कुठल्या कॉलेजात पहिल्या वर्षाला किती पोरं गळतात, याबद्दल विद्यापीठाला कुणी जाब विचारलेला मी तरी ऐकला नाही. आपल्याकडे पोरगं नापास होतं, कॉलेज कधीच होत नाही.

गंमत अशी की ही एकाने परीक्षा घ्यायची आणि दुसऱ्याने शिकवायचं, ही पद्धत इथूनच तिकडे गेली. 1836 साली लंडन विद्यापीठ स्थापन झालं ते निव्वळ परीक्षा घेणारं, शिकवणारी कॉलेजं वेगळी. 1857 साली मुंबई विद्यापीठ त्याच साच्यात ओतलं. बेळगावची कॉलेजं आधी मुंबईला जोडलेली. कर्नाटक विद्यापीठ 1949 मध्ये मुंबईतच सुरू झालं, पुढच्या वर्षी धारवाडला गेलं, मग आम्ही धारवाडचे झालो. 2010 पासून राणी चन्नम्मा. मुंबई, धारवाड, भूतरामनहट्टी, पाट्या बदलत गेल्या. इंग्रजांनी दरम्यान त्यांच्याकडचा साचा कितीदा मोडून दुरुस्त केला, आम्ही मात्र 1857 चा जपून ठेवलाय.

आता कुणी म्हणेल, तुमच्या इंग्लंडात तरी कुठे सगळं धुतल्या तांदळासारखं आहे? नाही. भागीदार संस्थांतल्या विद्यार्थ्यांची संख्या 2018-19 मध्ये 50 हजारांच्या घरात होती, ती 2021-22 पर्यंत लाखावर गेली. काही ठिकाणी वर्गात न बसताच सरकारी कर्ज उचललं जात होतं, यावर जानेवारी 2024 मध्ये नॅशनल ऑडिट ऑफिसने चांगलाच अहवाल लिहिला. शिवाय सरकारने वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विषयांच्या फाउंडेशन इयरची कमाल फी 2025-26 पासून 5,760 पौंडांवर आणून ठेवली, तेव्हा आमच्या खात्यात सुतक होतं. पण निदान लेखापरीक्षकाने लिहिलं, छापून आलं, संसदेत प्रश्न आले. एवढं मान्य करून मी पुढे जातो.

आपल्याकडे तपासणी म्हणजे एलआयसी. विमावाली नव्हे, लोकल इन्क्वायरी कमिटी. ती येणार म्हटलं की ग्रंथालयात पुस्तकांवर नंबर पडायचे, प्रयोगशाळेतल्या बरण्यांवरची चिठ्ठी बदलायची, आणि दोघा प्राध्यापकांना धारवाडच्या पाहुण्यांना स्टँडवरून आणायला पाठवायचे. प्रॅक्टिकलच्या बाह्य परीक्षकांचंही तेच. आम्ही पोरं दबून असायचो. ‘धारवाडची माणसं आलीत’ एवढं म्हटलं तरी व्हरांडा शांत. दुपारी जेवण, वर कुंदा, संध्याकाळी परत. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला एखादा व्हायव्हात तोंडातून शब्द न फुटता उभा असायचा. उत्तर त्याला येत होतं. त्याने ते मराठीत सांगितलं असतं तर धारवाडच्या माणसाला कळलं नसतं, इंग्रजीत त्याला सांगता येत नव्हतं. पाच गुण देऊन पुढचा. या पोरासाठीच ते तयारीचं सत्र हवं आहे आणि माझे मित्र म्हणतात, अपमान होतो.

आता एक माझ्याकडचं. मागच्या मे महिन्यात एका कॉलेजातला गठ्ठा बघत होतो. नमुन्यातल्या बऱ्याचशा असाइनमेंट 42 आणि 44 च्या मध्ये अडकलेल्या. पास 40 ला. एक निबंध वृद्धांच्या देखभालीवर होता. लिहिणारी बाई स्वतः केअर होममध्ये रात्रपाळी करून सकाळी थेट वर्गात यायची. निबंधात संदर्भ एकही नाही, पण रात्री तीन वाजता उठून बसणाऱ्या आजोबांना कसं झोपवावं यावर एक परिच्छेद असा की मी तो दोनदा वाचला. त्यांच्या शिक्षिकेने 43 दिले होते. माझ्या हिशेबात 36. नमुन्यातला एकटा पेपर बदलता येत नाही, बदलायचे तर सगळ्या गठ्ठ्याचे. मी सगळा गठ्ठा परत तपासायला सांगितला. शिक्षिका म्हणाली, युनिव्हर्सिटीवाल्यांना इथलं काय कळतं? केअर होमवाल्या बाईंनी ऑगस्टमध्ये निबंध पुन्हा सादर केला, संदर्भांसकट, 40 वर पास. शिक्षिका अजून माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाही. मी गेलो की स्टाफरूममध्ये आवाज खाली येतो आणि कुणीतरी टेबलावर सँडविचचा ट्रे ठेवतं.

यॉर्कशायरमधल्या त्या गावात धारवाडचा माणूस मीच आहे. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर वर्षभर पुरलं असतं त्यांना.

कन्नडचं म्हणाल तर तिथे मी गप्प बसतो, आणि गप्प बसल्याबद्दल शिव्याही खातो. 2021 मध्ये पदवीला कन्नड सक्तीचं केलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तो राग मला कळतो. एक नोव्हेंबरच्या निषेध फेरीत काळी पट्टी बांधून मीही चाललोय. सीमाभागातल्या 865 गावांवरचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तो सुटेल तेव्हा सुटेल, तोवर पहिल्या वर्षाच्या पोराने काय करायचं? देवचंद कॉलेज निपाणीला खेटून असलं तरी कागल तालुक्यात, म्हणून निपाणीचं पोरगं सीमा ओलांडून कोल्हापूरची पदवी घेतं. चंदगडचं पोरगं उलट्या दिशेने बेळगावात उतरतं. पोरांनी आपली सोय बघितली आहे, मोठी माणसंच अजून नकाशा घेऊन बसली आहेत. आणि बेळगावात दुकान टाकायचं, बँकेत चिकटायचं, तर कन्नड लागतंच. मी इथे आलो तेव्हा कुणी मला इंग्रजीची सक्ती करतंय असं मला वाटलं नाही. (वाटायला हवं होतं, असं आमचा चौथा मित्र म्हणतो. असेल.)

हे सगळं सभ्य शब्दांत लिहून शेवटी मी रविवारी ग्रुपवर टाकलं. सोबत आमच्या फाउंडेशन इयरचा आराखडाही: आठवड्याला किती तास, नमुना किती टक्के, कोण कुणाचं वर्ग-निरीक्षण करणार. दोन तास कुणी काही बोललं नाही. मग तो शिवाजी विद्यापीठवाला उगवला.

‘बोलतोस बरोबर, खरं तुझी पोरगी मराठी वाचते काय गा?’

वाचत नाही. समजते, आजीशी फोनवर बोलते, बेळगावी ‘होय की’सुद्धा म्हणते, पण अक्षरं तिला येत नाहीत. शनिवारची मराठी शाळा लीड्सला आहे, आणि शनिवारी तिचं पोहणं असतं. हे उत्तर मी लिहून खोडलं. त्याऐवजी लिहिलं की प्रश्न माझ्या मुलीचा नाही, बेळगावच्या बी.कॉम.चा आहे. वीस अंगठे खाली गेले असतील.

मंडळावरच्या मित्राने मात्र रात्री वेगळा फोन केला. आराखडा त्याला पटलाय. मंडळाने विचारलंय, नमुना पुन्हा तपासायला विद्यापीठाचा माणूस येणार नसेल तर बाहेरचा कोण मिळेल? मराठी, इंग्रजी आणि थोडं कन्नड येणारा, कुणाचा नातेवाईक नसलेला, पैसे न मागणारा. मी म्हटलं, स्कॅन करून पाठव, मी बघतो. तो म्हणाला, कन्नडचे पेपर? ते मी आईला वाचून दाखवायला सांगेन असं म्हणालो. ती 40 वर्षं बेळगावच्या शहापुरात कन्नड शेजारणींबरोबर राहिली आहे. तो हसला आणि म्हणाला, मंडळासमोर ठेवतो, पण मिनिट्समध्ये आईचं नाव घालत नाही.